कौसाबाईंनी अंगावर घेतलेल्या चुका

होतचंद शेठच्या गोळ्यांच्या कारखान्यात एखादा ट्रे पडला, कागदाचा गठ्ठा भिजला, संत्र्याच्या गोळीला लिंबाचा कागद गेला, की शेठ केबिनमधून बाहेर यायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि गरजायचा, "किसने किया?" या प्रश्नाला वर्षानुवर्षं एकच उत्तर ठरलेलं होतं. भिंतीजवळच्या पाटावरून कौसाबाई उठायच्या, पदर सारखा करायच्या आणि सांगायच्या, "मेरेकडून हुआ, शेठ."

त्यांची हिंदी अशी, की ऐकणाऱ्याने कानांवर हात ठेवावेत. पण काम भागत होतं. शेठ पाच मिनिटं तोंडाचा पट्टा सोडायचा, सिंधीत 'चरी, चरी' म्हणून त्यांच्या डोक्याचा उद्धार करायचा आणि दमला की आत जाऊन पंख्याखाली बसायचा. चरी म्हणजे वेडी, हे एव्हाना सगळ्या बायकांना ठाऊक झालं होतं. कौसाबाई पुन्हा खाली बसायच्या आणि हातातल्या गोळीला पीळ द्यायच्या. ज्या बाईच्या हातून ट्रे पडलेला असायचा ती खाली मान घालून दुप्पट वेगाने गोळ्या गुंडाळत असायची.

कारखाना म्हणजे उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पातली एक लांब पत्र्याची शेड. पुढच्या बाजूला पाकाच्या कढया, मागच्या बाजूला पाटांवर बसलेल्या वीसेक बायका. गोळी उचलायची, कागदात ठेवायची, दोन्ही टोकांना पीळ द्यायचा आणि डब्यात टाकायची. दिवसभर तेच. केसांत साखर बसायची, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पोरं आयांचे हात चाटायची. काही बायका विठ्ठलवाडीच्या चाळींतल्या होत्या, काही बदलापूरकडच्या गावांतल्या आणि पाड्यांवरच्या. कौसाबाई मूळच्या माणगावकडच्या. नवरा अंबरनाथला एका कारखान्यात होता, तो गेल्यावर त्या मुलीला घेऊन विठ्ठलवाडीतच राहिल्या आणि इथे लागल्या. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पुढे दोन-तीन वर्षांत त्या बायकांच्या मुकादमीण झाल्या. कुणी त्यांना तसं नेमलं नव्हतं, पण शेठशी बोलायचं ते त्यांनीच, हे आपोआप ठरत गेलं.

त्यांचं हे चुका अंगावर घेणं कधीकधी फारच हास्यास्पद व्हायचं. एका वर्षी गौरी-गणपतीला त्या गावी गेल्या होत्या. परत आल्या त्या दिवशी शेठ साखरेची भिजलेली गोणी समोर ठेवून ओरडत होता. कौसाबाईंनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नव्हती. दारातूनच म्हणाल्या, "मेरेकडून हुआ, शेठ."

शेठने त्यांच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग म्हणाला, "अरे, तू तो कोंकण में थी!"

"उधरसेच हुआ," कौसाबाई म्हणाल्या.

शेठ पोट धरून हसला. बायका हसल्या, कढईवरचे पुरुष हसले. गोणी कुणी भिजवली ते कधीच कळलं नाही, आणि कुणाला कळायला हवंही नव्हतं. शेठलाही हे सोयीचंच होतं म्हणा. शिव्या खायला एक माणूस ठरलेलं असलं की बाकीच्या वेळात कारखाना सुरळीत चालतो. बायकांना तर कौसाबाई देवासारख्या वाटायच्या. पुढे चंद्री नावाची एक बाई त्यांची नक्कल करायला शिकली होती. जेवताना कुणाचा तांब्या लवंडला, तरी ती पदर सारखा करून उठायची आणि म्हणायची, "मेरेकडून हुआ, शेठ." सगळ्या जणी खिदळायच्या. कौसाबाईही हसायच्या.

पण या सवयीच्या मुळाशी हसण्यासारखं काही नव्हतं. मुळाशी भिकी होती.

भिकी वांगणीकडची, नवी, भाबडी. कौसाबाईही तेव्हा साध्या कामकरीणच होत्या. भिकीच्या हातून संत्र्याच्या अर्काची मोठी बाटली फुटली. सगळी शेड घमघमली. शेठ आला तो त्या दिवशी ओरडला नाही. अगदी मऊ आवाजात म्हणाला, "डरो मत. जिसने किया, बोल दो. मैं कुछ नहीं बोलूंगा." भिकीने कौसाबाईंकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या कौसाबाईंनीच तिला कोपराने ढोसलं आणि म्हटलं, "सांग गं. काय बोलणार नाय म्हणतात ना." भिकी उठली आणि तिने सांगितलं. शेठने शब्द पाळला, तिला तो काहीच बोलला नाही. बोलला तो फाटकावरच्या वॉचमनशी: इसको बाहर निकालो, कल से नहीं आएगी. भिकीने जाताना डबा उचलला आणि एकदा मागे वळून कौसाबाईंकडे पाहिलं. रागाने नव्हे, काही समजलं नाही अशा नजरेने. कौसाबाईंना ती नजर जन्मभर पुरली.

त्या दिवसापासून त्यांनी मनाशी गाठ बांधली, की या पाटांवरची दुसरी कुणी शेठसमोर तोंड उघडणार नाही. जे काय असेल ते मी बोलेन. येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला त्या कामाआधी हे शिकवायच्या. गोळीला पीळ कसा द्यायचा ते नंतर.

आवडी आली ती नव्वदनंतर. ठाकराची पोर, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात तिचा पाडा. नुकतंच लग्न झालेलं, नवरा मिळेल त्या मजुरीला जाणारा. हाताला विलक्षण चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. पहिल्याच आठवड्यात तिच्याकडून डबे उलटसुलट भरले गेले, आणि नेहमीप्रमाणे कौसाबाई उठून शिव्या खाऊन बसल्या. दुपारी भाकरी खाताना आवडी म्हणाली, "मावशी, डबं तं मी भरलं व्हतं. तुमी कशाला शिव्या खाल्ल्या?"

"खाल्ल्या तर खाल्ल्या. मला पचतात."

"माजी चूक, मंग माज्याच नावावर नको?"

"नाव लागलं की फाटक दिसतं, बाय माझे," कौसाबाई म्हणाल्या. "तू गप रहायचं. मी आहे ना."

आवडी गप राहिली. गप राहणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण मावशीवर तिचा जीव जडला होता, आणि मावशीचाही तिच्यावर. तिला एकच हवं होतं. तिला कायम व्हायचं होतं. तिच्या पाड्यावर कुणी कधी कशात कायम झालेलं नव्हतं. भात लावणी, लाकूडफाटा, वीटभट्टी, जे काही मिळायचं ते त्या त्या दिवसापुरतं. "मावशी, कायम झालं म्हंजे पाऊस पडला तरी काम आसतं ना?" तिने एकदा विचारलं होतं. कौसाबाईंना हसू आलं होतं आणि डोळ्यांत पाणीही.

मग होतचंद शेठला अर्धांगवायूचा झटका आला आणि त्याचा मुलगा नरेश कारखान्यात बसू लागला. पुण्याला शिकून आलेला. लहानपणी गल्लीतल्या मराठी पोरांबरोबर खेळलेला, म्हणून मराठी स्वच्छ बोलायचा. त्याने आल्या आल्या दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे दर शनिवारी मीटिंग. सगळ्यांना चहा, समोसा, आणि मग नरेश मधोमध स्टूल घेऊन बसायचा. पहिल्या मीटिंगला तो म्हणाला, "सुरुवात मी करतो. मी कागदाचे रोल चुकीच्या मापाचे मागवले. पप्पा खाटेवरूनसुद्धा ओरडले. आता तुम्ही सांगा, या आठवड्यात कुणाचं काय अडलं, काय बिघडलं? मी रागावणार नाही. मला कळलं नाही तर मी सुधारणार कसं?"

वीस बायकांनी एकदम कौसाबाईंकडे पाहिलं. कौसाबाई समोशाकडे पाहत होत्या. मालक आपली चूक सांगतो, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे त्यांनी घरी जाताना सगळ्यांना बजावलं. पुढचे सगळे शनिवार तसेच गेले. समोसे संपायचे, चहा संपायचा, नरेश बिचारा वाट पाहायचा आणि स्टूल उचलून आत जायचा. बापाला शिव्या देऊन उत्तर मिळायचं, मुलाला समोसे देऊनही मिळेना.

दुसरी गोष्ट म्हणजे गोळ्या गुंडाळायचं मशीन. मशीन आलं तेव्हा आता आपलं काम गेलंच, असं बायकांनी धरलं. पण नरेशने सांगितलं की हातकाम लगेच बंद होणार नाही, आणि मशीनवर तो बाहेरचा माणूस आणणार नाही. तुमच्यातलीच जी कुणी हे शिकेल तिला ठाण्याला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये शिकायला पाठवीन आणि दिवाळीपासून कायम करीन. तो असं म्हणाला तेव्हा आवडीच्या हातातली गोळी तशीच राहिली. आठवड्याभरात सगळ्यांना कळून चुकलं की मशीन आवडीचं आहे. कुठला खटका कधी दाबायचा, कागद कुठे अडकतो, हे ती मशीनशी बोलत बोलत शिकली. नरेश लांबून पाहायचा आणि खूश व्हायचा.

त्याच सुमाराला कौसाबाईंच्या मुलीची कल्याणला बाळंतपणाची वेळ आली आणि त्या काही दिवस रजेवर गेल्या. इकडे नाशिकच्या एका व्यापाऱ्याची घाईची ऑर्डर होती. आवडीने दिवसभर मशीन चालवलं. माल गेला, आणि पुढच्या आठवड्यात तसाच्या तसा परत आला. कागद गोळीला चिकटून बसला होता. सोलायला गेलं तर तुकडे पडत होते.

कौसाबाई कामावर परतल्या त्या दुपारी आवडीने त्यांना बाजूला नेलं. "मावशी, माज्याकडून झालं. गोळ्या गरम व्हत्या, मी तशाच घातल्या. घाई व्हती. पन आता मना कळलाय. गार होऊ दिल्या तं काय चिकटत नाय, काल मी करून बघितला. शनवारी सांगते शेटला."

कौसाबाईंनी तिचं मनगट धरलं. "येडी का काय तू? तोंडाशी आलेला घास जाईल."

"तो म्हनतो ना, सांगा. रागावनार नाय म्हनतो."

"बापही असंच म्हणाला होता," कौसाबाई म्हणाल्या, आणि आजवर कुणाला न सांगितलेली भिकीची गोष्ट त्यांनी तिला सांगितली.

आवडीने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "पन मावशी, ह्यो येगळा हाय."

"बापाचाच ना?"

शनिवारी चहा झाला. नरेशने परत आलेल्या मालातली एक गोळी हातात घेतली, सोलायला लागला, आणि कागदाचे तुकडे तुकडे खाली पडले. तो चिडलेला नव्हता, पण थकलेला दिसत होता. म्हणाला, "मला फक्त एवढंच कळायला हवंय की मशीन खराब आहे की चालवण्यात काही चुकलं. मशीन खराब असेल तर मी कंपनीशी भांडतो. आपलं चुकलं असेल तर आपण शिकू. जिच्या हातून झालं तिने सांगावं. मी काही बोलणार नाही."

मी काही बोलणार नाही. कौसाबाईंच्या नाकात एकदम संत्र्याच्या अर्काचा वास भरला. शेजारी आवडीने जमिनीवर हात टेकवला आणि ती उठू लागली. अर्धी उठलीही. कौसाबाईंनी तिचा पदर धरून असा हिसडा दिला की ती धपकन खाली बसली. आणि त्या स्वतः उभ्या राहिल्या.

"मेरेकडून हुआ, शेठ."

मागे कुणीतरी सवयीने फिसकन हसलं. नरेश हसला नाही.

"मावशी, तुम्ही त्या दिवशी कल्याणला होता."

"उधरसेच हुआ" हे कौसाबाईंच्या ओठांवर आलं होतं, पण समोरचं तोंड पाहून ते त्यांनी गिळलं.

"पप्पांना याचं हसू यायचं," नरेश म्हणाला. "मला येत नाही. जिला आपली चूक सांगता येते तिच्याच हातात मी मशीन देऊ शकतो. नाहीतर आत काय चाललंय ते मला कळणार कसं?" मग तो वळला. "आवडी, तुला काही सांगायचंय का?"

आवडीने मावशीकडे पाहिलं. सगळ्या बायकांनी पाहिलं. कौसाबाईंनी मान हलवली, इतकी थोडी की दुसऱ्या कुणाला दिसूही नये.

"नाय," आवडी म्हणाली.

पुढच्याच महिन्यात कल्याणहून एक माणूस आला, आयटीआय शिकलेला, हरिचंद्र नावाचा. मशीन त्याच्याकडे गेलं. आणि आता जे झालं ते कौसाबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर त्यांना ते कुणी सांगून पटलं नसतं. दुसऱ्याच दिवशी या हरिचंद्रानेही गरम गोळ्या मशीनमध्ये घातल्या. कागद चिकटले. तो हात पुसत सरळ केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, "शेठ, माझी चूक झाली, माल गरम होता." नरेश बाहेर आला, गोळी पाहिली, म्हणाला, "म्हणजे हेच होतं तर." कढयांजवळ पंखा लावला, ट्रे तिथे थोडा वेळ ठेवायचे ठरलं, आणि संपलं. ना शिवी, ना वॉचमन. हरिचंद्र चहा प्यायला गेला.

कौसाबाईंचे हात त्या दिवशी चालले नाहीत. गोळी कागदात ठेवायची आणि नुसतं बघत बसायचं. आपण एवढी वर्षं ज्या वाघापासून बायकांची राखण केली, तो वाघ खाटेवर पडून होता. त्याच्या जागी दुसरंच कुणीतरी बसलेलं होतं, आणि आपण डोळे उघडून एकदा त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. पोर सांगत होती, ह्यो येगळा हाय. तिला दोन वर्षांत जे दिसलं, ते आपल्याला इतक्या वर्षांत दिसू नये? राग आला तो स्वतःचाच.

तरी त्या लगेच गेल्या नाहीत. आज जाऊ, उद्या जाऊ. दुसऱ्यांच्या चुका आपल्या म्हणून सांगायला जी बाई ताडकन उठायची, तिला स्वतःची चूक सांगायला पाय उचलेना. तेवढ्यात मशीनचा वेग वाढला, हातकाम कमी झालं, आणि नव्या बायकांना आधी कमी केलं. त्यात आवडी होती. ती रडली नाही. मावशीच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमी लय केलंव माज्यासाटी."

त्यानंतर मात्र कौसाबाई केबिनमध्ये गेल्या. उभ्या उभ्याच म्हणाल्या, "शेठ, त्या दिवशी आवडी उठली होती. मी तिला खाली ओढली."

"माहीत आहे, मावशी. मी पाहिलं होतं."

"पाहिलं होतं? मग?"

नरेशने समोरचा पेला उगाच फिरवला. "मला वाटलं, बघू या ती कुणाचं ऐकते. तिने तुमचं ऐकलं. मला राग आला. अजून एकदा विचारायला हवं होतं मी."

"आता बोलवा तिला."

"आता हरिचंद्रला काढू?" तो म्हणाला. कौसाबाई पदर सारखा करून बाहेर आल्या.

शनिवारच्या मीटिंगा पुढे चालू राहिल्या. हळूहळू बायका बोलायलाही लागल्या. पहिली बोलली चंद्री. कौसाबाई कोपऱ्यात बसून ऐकायच्या आणि प्रत्येक वेळी त्यांना आवडीचा जमिनीवर टेकलेला हात आठवायचा. काही वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिला तशी त्यांनी नोकरी सोडली. मुलीने आणि जावयाने बदलापूरला खरवईत नवीन खोली घेतली होती, तिथे त्या राहायला गेल्या.

आवडी त्यांना भेटली ती तिथेच, बदलापूरच्या बाजारात. मे महिना होता. पळसाच्या पानांचे द्रोण मांडून ती जांभळं विकत बसली होती. वाळली होती, पण डोळे तेच होते. "मावशी!" ती एवढ्या जोरात ओरडली की दोन गिऱ्हाइकं दचकली.

कौसाबाई तिच्याशेजारी फुटपाथवरच बसल्या. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नवरा वीटभट्टीवर जातो, पावसाळ्यात काम नसतं, दोन मुली आहेत. आवडी हे सगळं तक्रार न करता सांगत होती. पावसाळ्यात काम नसतं, हे तिने म्हटलं तेव्हा कौसाबाईंना ऐकवेना. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं त्यांनी बाहेर काढलं.

"आवडे, तुझी नोकरी गेली ती माझ्याकडून. तू उठली होतीस. मी तुला खाली ओढली नसती तर आज तू कायम असतीस. तो पोरगा खरं बोलत होता, आणि तुला ते कळलं होतं. माझ्याकडून झालं गं हे."

आवडी खळखळून हसली, जुन्या शेडमध्ये हसायची तशी. तिने पदर सारखा केला, ताठ बसली आणि म्हणाली, "मेरेकडून हुआ, शेठ!"

"नाही गं, खरंच. ऐक तर."

"तुमची सवय काय गेली नाय अजून." तिने डोळे पुसले, हसून हसून पाणी आलं होतं. पलीकडे भाजी घेऊन बसलेल्या बाईला ती कौतुकाने सांगू लागली, "इंदुबाय, ही आमची मावशी. कारखान्यात कुनाचीबी चूक आसूदे, ही आपल्या अंगावर घ्याची. आता बघ, गरम गोळ्या मी घातल्या, तोंड मी उगडला नाय, आन ही आजबी म्हनते माज्याकडून झालं. अशी मानसं ऱ्हायली नाय गं आता."

इंदुबाईने मान डोलावली आणि लांबूनच कौसाबाईंना नमस्कार केला.

"अगं, या वेळी खरंच माझ्याकडून झालं," कौसाबाई म्हणाल्या. आवडीने एक द्रोण काठोकाठ भरला, वर आणखी मूठभर जांभळं घातली आणि तो त्यांच्या पिशवीत ठेवला.

"घ्या, मावशी. आन परत आसं बोलू नका. पाप लागंल मना."